अकरा पंधराची गाडी आणि पावणाईचा कौल

“व्हय म्हाराजा,” आम्ही सगळ्यांनी मिळून तिसऱ्यांदा म्हटलं आणि लखू गुरवाने मान वर करून देवीकडे पाहिलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवरच्या पाकळ्या होत्या तिथेच होत्या.

“पडाचा नाव नाय,” गजामामा माझ्या कानाशी पुटपुटला. “किती वाजले गो?”

घड्याळ त्याच्याच मनगटावर होतं. बाहरीनहून आणलेलं, सोनेरी पट्ट्याचं. पण वेळ तो नेहमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा.

“साडेनऊ,” मी म्हटलं.

“अकरा पंधराची गाडी आसा. फाट्यापर्यंत अर्धो तास चालूचा. सांग तुझ्या बापसाक.”

मी काय सांगणार? आबा देवीसमोर हात जोडून उभे होते. कानावर सुताराची लाल पेन्सिल, अंगात धुतलेला सदरा. आमच्या गावात आबांना मेस्त्री म्हणत. दारं-खिडक्या, पाळणे, तिरड्या, सगळं त्यांच्या हातचं. बोलायला मऊ माणूस. पण पावणाईला विचारल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात एक फणससुद्धा तोडला नव्हता.

कौल म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पावणाईची शिळा काळी, हातभर उंच. गुरव तिच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या बोटाने एकेक पाकळी चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालायचं, मनातला प्रश्न देवीला सांगायचा आणि वाट बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावातलं लग्न असो, विहीर असो, भावाभावांतली वाटणी असो, कौल लावल्याशिवाय काही होत नसे. लागलेला कौल मोडायचा नाही, हा नेम.

आणि त्या गुरुवारी देवीपुढे प्रश्न माझा होता. मला बी.एस्सी. नर्सिंगला घालायचं की नाही.

माझ्या मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत कॉलेजचा अर्ज होता. कॉलेज घाटावर, कोल्हापूरला. अर्ज द्यायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. मी सगळं भरलं होतं, फोटो चिकटवले होते. फक्त शेवटच्या पानावर पालकांच्या सहीची जागा मोकळी होती. आणि घरी, देव्हाऱ्याखालच्या फळीवर, दुसरा एक अर्ज सही करून तयार होता. तो डी.एड.चा. नकार आला तर दुपारी काका तो घेऊन ओरोसला जाणार होते, आणि मी जन्मभर आमच्याच पंचक्रोशीत कुठल्यातरी शाळेत पाढे म्हणून घेणार होते.

पाढ्यांशी माझं वैर नव्हतं. पण मला बाहेर जायचं होतं. अगदी देशाबाहेर. हे डोक्यात भरवलं फिलोमिना सिस्टरने. दहावीच्या वर्षी आईला टायफॉइड झाला, तेव्हा तालुक्याच्या इस्पितळात मी बारा दिवस तिच्या उशाशी होते. सिस्टरची बहीण आयर्लंडमध्ये नर्स होती. “हय डॉक्टर आमका हाक मारता, थंय डॉक्टर तिका विचारता, पेशंटाक काय वाटता म्हणून,” सिस्टर इंजेक्शनची सुई उकळत ठेवताना म्हणाली होती. एवढं एकच वाक्य. पण मी ते दोन वर्षं घोळवलं. कुठला अभ्यासक्रम, किती वर्षं, मग कुठली परीक्षा, कुठली भाषा, सगळं मी तिच्याकडून वहीत लिहून घेतलं होतं. माझं ठरलं होतं. बाकी सगळ्यांचं ठरायचं होतं.

आठ दिवस घरात नुसता गोंधळ. गजामामाचं म्हणणं, परदेशीच जायचं तर हॉटेल मॅनेजमेंट कर. “बाहरीनाक शेफाचो मान बघ, शेख स्वतः उठान हात मिळवता.” काका शाळेत कारकून, ते म्हणाले, “चेडवाक इतक्या लांब कित्याक धाडतास? डी.एड. बरा.” शेजारची गावडीण म्हणाली, नर्स म्हणजे परक्या पुरुषांच्या उष्ट्याखरकट्याला हात. आईने डाळीत मीठ दोनदा घातलं. आणि आबा म्हणाले, “कौल लावया.”

तर कौल लागतो फक्त सोमवारी आणि गुरुवारी. सोमवारी लखू गुरवाच्या माहेरी आलेल्या पुतणीला मुलगा झाला, घरात तीन दिवसांचं सोयर आलं, देवळात कौल बंद. राहिला गुरुवार. मुदतीचा शेवटचा दिवस.

मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. देवळातल्या सप्त्यात बुवा एका चरणावर पाऊण तास काढायचे, पोरं पेंगायची, बायका उठून जायच्या, मी आपली खांबाला टेकून ऐकत असायची. पूर्वरंग कितीही लांबला तरी माझं डोकं कधी तापलं नाही. पण त्या दिवशी त्याच खांबाला टेकून बसले होते आणि आतून नुसती उकळत होते.

सुरुवातच बिनसली होती. आबांनी गाऱ्हाणं घातलं ते असं: “आई पावणाये, माझा चेडू सुलक्षणा बारावी पास झाला. शेकडा एकाहत्तर मार्क मिळाले. तेका नर्सिंगाक जावचा आसा. मगे चार वर्सांनी आयर्लंडाक जाणार म्हणता. थंय थंडी लय असता म्हणतत. हेच्या लग्नाचा पुढे काय तो इचार तुकाच...”

“मेस्त्री,” लखू गुरव म्हणाला, “देवीक पत्र लिवतंस काय? एक इचार सांग. व्हय काय नाय, इतक्याच.”

आबा ओशाळले. पहिल्या पाकळ्या काढल्या, नव्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं. या वेळी एकच प्रश्न, “चेडवाक नर्सिंगाक धाडू काय?” आम्ही म्हटलं, “व्हय म्हाराजा.” आणि तेव्हापासून पाकळ्या ढिम्म.

आषाढ होता. शिळा घामाघूम झालेली, गाभाऱ्याच्या भिंतींना पाझर. अशा दिवसांत पाकळी चिकटली की चिकटली. म्हणूनच जुनी माणसं आषाढात कौल लावायची नाहीत. हे लखू गुरवाला ठाऊक, आबांना ठाऊक, सगळ्यांना ठाऊक. पण बोलायचं कोणी?

दहा वाजले. गजामामा बाहेर जाऊन विडी ओढून आला.

“भाओजी, जरा पाण्याचो हात कमी लावलो असतो तर?”

“देवीचा काम आसा, गजा. घाई नको.”

“देवीक घाई नाय, एस्टीक आसा.”

“गप रव,” आई म्हणाली. सकाळपासूनचे तिचे तेवढेच शब्द.

सव्वादहा. गुरवाने समईत तेल घातलं. कोणीतरी केळं खाल्लं. एक पाल शिळेच्या मागून निघाली आणि सगळे पुढे सरकले. ती उजवीकडे गेली असती तरी लोकांनी होकार मानला असता, पण ती सरळ वर चढून छपरात गेली.

साडेदहाला मी उठले.

“आबा, सही करा. आपण निघूया.”

“कौल नाय झालो, सुले.”

“गाडी चुकेल.”

“चुकली तर तो पण देवीचोच इचार.”

इतक्या शांतपणे म्हणाले ते, की माझ्या अंगाचा भडका उडाला. “आणि माझा विचार? आठ दिवस तुम्ही मामाला विचारलंत, काकांना विचारलंत, पोस्टातल्या माणसाला विचारलंत, आता दगडाला विचारताय. मला एकदा तरी विचारलंत काय?”

दगड म्हटलं होतं मी, देवीला. माझी जीभ मलाच जड वाटली. आबांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

“तुका काय विचारूचा? तू व्हयच म्हणतलंस. तुझा वय तसा. चुकला तर तू थंय परदेशात एकटा रडतलंस आणि मी हय रंधो मारीत बसतलंय. माका एकट्याक ह्या झेपाचा नाय गो. कोणीतरी वरसून सांगूक व्हया.”

“मग बसा ऐकत,” मी म्हटलं आणि पिशवी उचलून निघाले. सहीची जागा मोकळी असलेला अर्ज घेऊन. त्याचा काय उपयोग होता? काही नाही. पण बसून राहणं शक्य नव्हतं. मामा चपला हातात घेऊन मागून पळत आला.

“सही नसताना खंय चललंस?”

“तुम्ही करा सही.”

“माझी? मी मामा. पालक म्हणान बापाशीची होई. नि खोटी सही केली तर तुझो बापूस माका जितो ठेवीत?”

फाट्यापर्यंत आम्ही भांडत गेलो. मी रडत होते, तो हॉटेल मॅनेजमेंटबद्दल बोलत होता. फाट्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पिंपळाच्या पारावर बसून मी पिशवी छातीशी धरली आणि पावणाईला मनात जे जे बोलले ते आता लिहीत नाही. त्याची क्षमा मी नंतर पुष्कळदा मागितली आहे.

गाडी पाच मिनिटं आधीच आली, नेमकी त्याच दिवशी. मामा पायरीवर एक पाय ठेवून कंडक्टरशी बोलत राहिला. “एक मिनिट, चेडवाचो बापूस येता.” “कुठाय बापूस?” “येता, येता.” “अहो, चढा नाहीतर उतरा.” ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

आणि शेताच्या बांधावरून आबा येताना दिसले. धावत. मी त्यांना तोवर कधी धावताना पाहिलं नव्हतं. गुडघ्यापर्यंत चिखल, सदरा पाठीला चिकटलेला. धापा टाकत गाडीपाशी आले आणि म्हणाले, “उजवो दिल्यान.”

“खरंच?” मी म्हटलं.

“हाड तो कागद.” त्यांनी हात पुढे केला.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. मामा ओरडला, “पेन्सिलीन नको, भाओजी, पेन होया.” शेवटी कंडक्टरने आपलं पेन दिलं. आबांनी अर्ज एस्टीच्या पत्र्यावर टेकवला आणि सही केली. ‘मेस्त्री’मधला शेवटचा फराटा पार चौकटीबाहेर गेला. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. मला वाटलं, चिखल आहे म्हणून.

“जा,” ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

साडेतीनला कोल्हापूर. चारला अर्ज खिडकीत. पुढचं सगळं वहीत लिहिलं होतं तसंच झालं: चार वर्षं कॉलेज, दोन वर्षं मुंबईला नोकरी, इंग्रजीची परीक्षा दोनदा, आणि मग आयर्लंड. कॉर्क गावातल्या एका इस्पितळात मी आता तेरा वर्षं आहे. फिलोमिना सिस्टर म्हणाली होती ते अगदी खरं. पहिल्याच आठवड्यात एका बुजुर्ग डॉक्टरने पेशंटच्या पायथ्याशी उभं राहून मला विचारलं, तुला काय वाटतं?

तिथल्या बायकांना मी कौलाची गोष्ट किती वेळा सांगितली असेल. आमच्या देवीने स्वतः मला पाठवलं, असं म्हणायचे मी, आणि त्या आयरिश बायका, त्याही देवभोळ्या, डोळे पुसायच्या. दर वर्षी सप्त्याला मी पावणाईसाठी साडी पाठवत असे. आई ती नेऊन नेसवायची.

फक्त आबांचं काहीतरी बिनसलं होतं. ते देवळात जायचे, पण पायरी चढायचे नाहीत. सप्त्यात कीर्तन चालू असलं की बाहेर दीपमाळेच्या कट्ट्यावर बसायचे. कौल लावणं तर सोडूनच दिलं. आधी मला वाटलं, वय झालं. मग वाटलं, मी ‘दगड’ म्हटलं त्याचा राग असेल. मग माझाच राग वाढत गेला.

तो फुटला आईच्या ऑपरेशनच्या वेळी. पित्ताशयात खडे होते, पण हृदय कमजोर. डॉक्टर म्हणाले, करा किंवा थांबा, दोन्हीत धोका. ऑपरेशन करणंच बरं, असं मी फोनवरून सांगत होते, पण आई हटून बसली. कौल लावल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणाली. आणि आबा म्हणाले, “मी विचारूचंय नाय. गजाक सांग.”

“आबा, आई तुमची बायको आहे. मामा कशाला?”

“मी नाय विचारूचंय.”

“माझ्या वेळी तीन तास बसलात,” मी म्हटलं. “माझी गाडी सुटायची वेळ होईपर्यंत बसलात. आईसाठी दहा मिनिटं उभं राहवत नाही तुम्हाला?”

मामाने कौल लावला, उजवा मिळाला, ऑपरेशन झालं, आई बरी झाली. पण त्यानंतर मी आबांशी फोनवर धड बोलले नाही. कसे आहात, बरे आहात, आईकडे द्या. तीन वर्षं असंच.

मागच्या वर्षी रजा मिळाली आणि मी ऐन सप्त्यात गावी आले. या वेळी साडी स्वतःच्या हातांनी घेऊन देवळात गेले. दुपारचे साडेतीन वाजले असतील. चारला कीर्तन होतं. बुवांचा पेटीवाला सूर लावत होता. लखू गुरव आता पंचाहत्तरीचा, पण गाऱ्हाणं अजून तोच घालतो. मी साडी त्याच्या हातात दिली.

“काय म्हणान घालू गाऱ्हाणा?” त्याने विचारलं.

“म्हणा, सुलक्षणा मेस्त्रीने आयर्लंडहून आणलेली साडी. त्या वर्षी देवीने उजवा कौल देऊन तिला पाठवलं, त्याची आठवण म्हणून.”

लखू साडी घेऊन तसाच उभा राहिला.

“असा म्हणाक येवचा नाय, बाये.”

“का?”

“देवीसमोर मी खोटा बोलूचंय नाय. बाकी खंय बोललंय असतंय, हय नाय.” त्याने साडी माझ्या हातात परत ठेवली. “तुझी आवस हाडायची तेव्हा नुसती ‘चेडवाची भेट’ म्हणायची. म्हणान मी नेसवलंय. तू गेलंस, आणि तुझ्या मागसून वीस मिनटांनी पाकळी पडली. डावी.”

मी म्हटलं, “आबा म्हणाले...”

“तुझ्या बापसान बघली ती पडताना, बाकी सगळी तुझ्या मागसून भायर पडलेली. माका म्हणालो, लखू, तू गप रव. आणि पायरेर डोक्या टेकल्यान आणि धावत सुटलो. देवळातसून चपलासुद्धा घालूक नाय.” तो समईची वात सारखी करू लागला. “कौल मोडलेल्या माणसान पायरी चढूची नाय, परत कौल लावचो नाय. नारळ ठेवन देवीक सांगूचा, चूक झाली म्हणान, मगे मोकळो. वीस वर्सा मी सांगतंय तेका. आयकणा नाय. तू सांगून बघ.”

मी बाहेर आले. आबा दीपमाळेच्या कट्ट्यावर बसले होते, कीर्तनाची वाट बघत. शेजारच्या दुकानातून मी एक नारळ घेतला आणि त्यांच्यापुढे धरला.

“चला आत,” मी म्हटलं.

त्यांनी नारळाकडे पाहिलं, मग देवळाच्या दाराकडे. “लखूच्या तोंडात तीळ भिजणा नाय.”

“वीस वर्षं, आबा. एक नारळ ठेवायचा होता. आईच्या वेळी मी तुम्हाला काय काय बोलले. सांगायचं तरी.”

“काय सांगतलंय?”

“ते राहू दे. आता उठा. दोन शब्द म्हणायचे, सुटायचं. बुवा उभे राहतील एवढ्यात. खांबाला टेकून ऐकू दोघं.”

“हयसून बरा आयकाक येता.”

“हट्ट कसला धरलाय एवढा? नारळ ठेवायचा आणि चूक झाली म्हणायचं, बस.”

आबांनी माझ्या हातातला नारळ घेतला, कानाशी हलवून पाण्याचा आवाज ऐकला आणि परत माझ्याच हातात दिला.

“तू म्हण बघूया,” ते म्हणाले. “तुका तिकडे धाडलंय ती चूक झाली, असा तू म्हण. तुझ्या तोंडान आयकलंय तर जातंय मी आत.”

आत बुवांनी वीणा गळ्यात घेतली, टाळ वाजू लागले. मी तोंड उघडलं. नुसतं म्हणायचं होतं, तीन शब्द, देवाच्या दारात म्हाताऱ्या बापाला सोडवण्यासाठी.

मला म्हणता आलं नाही. मी कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसले.